लॉनमधली एकदांडी उपटली तरी परत येते? काय काय तपासायचं ते क्रमाने सांगते

आधी लक्षणं. यातली निदान तीन जुळली तर पुढे वाचा, नाहीतर तुमच्याकडचं तण बहुतेक दुसरंच आहे आणि त्याचा उपायही दुसरा.

- उपटून साफ केलेल्या जागी तीन-चार आठवड्यांत परत रोपं, आणि आधी एक होतं तिथे आता घोळका.
- मशीन फिरवलं की लॉन मस्त सपाट दिसतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गवताच्या वर पिवळी बटणं माना काढून उभी.
- सगळीकडे सारखं नाही, ठिगळं ठिगळं. पायवाटेची कड, बाकापुढची जागा, मुलं क्रिकेट खेळतात तो पट्टा, नाहीतर पेव्हर ब्लॉकच्या फटी.
- मे महिन्यात वाळली म्हणून तुम्ही खूश, आणि जूनचे पहिले दोन पाऊस झाले की बुडातून हिरवे कोंब.
- ज्या कुंडीत फक्त मोगरा लावला होता तिथेही ही बाई हजर.

माझं सांगायचं तर सोसायटीच्या गार्डन कमिटीत कोणी यायला तयार नव्हतं म्हणून सात वर्षांपूर्वी माझं नाव घातलं गेलं आणि ते अजून कोणी काढलेलं नाही. मग आत्याच्या वाईच्या घराचं अंगण झालं, नणंदेचा तळेगावचा बंगला झाला, आता ओळखीपाळखीचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारतात आणि दहातल्या आठ फोटोंत हीच. पहिली दोन वर्षं मी स्वतः सगळं उलटं केलं, तेही सांगते, लाजायचं काय त्यात.

खालची तपासणी फुकटाकडून खर्चाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे लावलीय, मधेच उडी मारू नका. बहुतेकांचं काम पहिल्या चारांत होतं. सगळ्यात शेवटी औषध आहे आणि लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात.

१. ती एकदांडीच आहे ना? (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

हसू नका, मी स्वतः चुकलेय. एक रोप मुळासकट हातात घ्या, उन्हात बसा आणि नीट बघा.

पानं समोरासमोर जोडीने येतात, कडेला करवतीसारखे मोठे दाते, आणि दोन्ही बाजूंनी लव इतकी की बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. खोड जमिनीवर लोळतं, टोकाकडे तेवढं वर उठतं. त्यातून एक लांब, बिनपानांची, केसाळ दांडी निघते, वीतभर कधी त्याहून जास्त, आणि तिच्या टोकाला एकच फूल. नाव त्यावरूनच पडलंय. कोणी हिला कंबरमोडी म्हणतं, कोणी दगडी पाला.

आता फूल जवळ धरा. साधं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा. कडेला फिकट क्रीम रंगाच्या साधारण पाच रुंद 'पाकळ्या' दिसतील, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक खाचा, कात्रीने कातरल्यासारख्या. मधे पिवळा गठ्ठा. सुईने तो गठ्ठा उकला, मधलं प्रत्येक पिवळं टोक हे एक अख्खं फूल आहे, बारीक नळीसारखं, तोंडाला पाच पाळ्या. कडेची पाकळीसुद्धा पाकळी नाही, तेही एक स्वतंत्र फूलच, फक्त मादी. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पन्नासेक फुलांचा गुच्छ असतो, याला पुस्तकात स्तबक म्हणतात. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, करडई, कारळा, आपल्या सह्याद्रीत सप्टेंबरला डोंगर पिवळे करणारी सोनकी, सगळ्यांचं हेच, सगळी एकाच कुळातली.

हे एवढं का सांगतेय तर हिशोब लक्षात यावा म्हणून. गुच्छातल्या प्रत्येक फुलाचं एक बी होऊ शकतं. मी एकदा एका पिकलेल्या बोंडातली बियाणं पांढऱ्या ताटलीत झटकून मोजली, ४३ भरली, आणि त्या एका रोपावर तेव्हा अशी नऊ बोंडं होती.

जिच्याशी गल्लत होते ती मंडळी:

गाजर गवत. पानं गाजरासारखी चिरलेली, फुलं बारीक पांढरी आणि ढीगभर, झाड उभं वाढतं. हे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं, आपली ख्यातीच म्हणायची. याने अंगाला खाज, पुरळ, दम असं होऊ शकतं, त्यामुळे उघड्या हाताने उपटू नका.

माका. ओलसर जागी येतो, फुलं बारीक पांढरी आणि आखूड देठाची, पान चुरगाळलं की रस काळा पडतो. तेलासाठी लोक शोधत फिरतात, तुम्ही फेकू नका.

वेडेलिया. ही नर्सरीवाले ग्राउंडकव्हर म्हणून स्वतःच लावून जातात, पानं चकचकीत, फूल पूर्ण गर्द पिवळं. नणंदेकडे निम्मी जागा हिने खाल्ली होती आणि ती बिचारी एकदांडीच्या नावाने बोटं मोडत होती.

ओसाडी. जांभळट गोंडे, वास येतो, आणि ती एका हंगामाची, म्हणजे फुलायच्या आत उपटली की विषय संपतो. एकदांडी तशी नाही, ती बारमाही आहे, बूड जमिनीत जिवंत राहिलं की पुढच्या वर्षीही तीच. आता ओसाडी समजून नुसता वरचा पाला ओढलात तर काय होईल तुम्हीच सांगा.

२. उपटलेली रोपं कुठे टाकता? (खर्च शून्य)

माझी पहिल्या दोन वर्षांची चूक ती हीच. आमचे माळीकाका आणि मी सकाळभर बसून उपटायचो, ढीग कंपाउंडच्या कडेला लावायचो, संध्याकाळी झाडूवाला नेईल म्हणून. तो न्यायचा दोन दिवसांनी. एकदा दुपारी सहज तिकडे गेले तर ढिगावर पांढरा कापूस पिंजल्यासारखा झालेला, उपटली तेव्हा जी पिवळी फुलं नाहीतर मिटलेली बोंडं होती त्यातली बरीचशी उन्हात वाळता वाळता फुटली होती. आणि वारा पश्चिमेकडून, लॉनच्या दिशेने. म्हणजे दोन वर्षं आम्ही उपटत नव्हतो, पेरत होतो.

बी कसं असतं ते एकदा बघाच. दोन-अडीच मिलिमीटरचा काळपट केसाळ दाणा आणि त्याच्या डोक्यावर पिसांसारख्या तंतूंची छत्री. लहानपणी आपण रुईची म्हातारी फुंकर मारून उडवायचो ना, तिचीच ही बुटकी बहीण. ऊन चढलं, हवा कोरडी झाली की छत्री उघडते आणि थोड्या वाऱ्यानेही निघते.

म्हणून आता नियम असा. उपटायला बसायचं ते सकाळी लवकर, दव असताना, तेव्हा छत्र्या ओल्या आणि मिटलेल्या असतात. बरोबर गोणी ठेवायची, पाटी नाही, गोणीचं तोंड बांधता येतं. ज्या रोपावर पांढरी बोंडं आहेत त्याची बोंडं आधी मुठीत धरून खुडायची आणि गोणीत घालायची, मगच रोपाला हात लावायचा. गोणी दोन-तीन आठवडे उन्हात बांधून ठेवायची आणि मग कचऱ्यात.

कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू का, असं हमखास कोणीतरी विचारतं. खड्डा आतून हाताला चटका बसेल इतका गरम होत असेल तर टाका. घरगुती पिंपातलं कंपोस्ट सहसा तेवढं तापत नाही, त्यात बी आरामात तग धरतं आणि मग तुम्ही प्रेमाने तेच कुंड्यांना घालता. मोगऱ्याच्या कुंडीचं रहस्य ते हेच. फुलं नसलेला पाला मात्र खुशाल घाला, आत्याकडे तर शेजारच्यांच्या शेळीला जायचा, ससेही आवडीने खातात.

३. उपटता कशी? (खर्च: एक खुरपं)

वरून पकडली आणि ओढली तर 'कट्' असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, काम वाया गेलं.

हिला दोन प्रकारची मुळं आहेत. एक मधलं सोटमूळ, खाली सरळ गेलेलं. आणि लोळणाऱ्या खोडाचं जे पेर मातीला टेकतं तिथे नवी बारीक मुळं फुटतात. म्हणजे मोठं रोप हे एक रोप नसतंच, वरून एक दिसतं पण मातीशी चार-पाच ठिकाणी गाठ मारलेली असते, तुम्ही मधलं ओढलं की फांद्या तुटतात आणि प्रत्येक रुजलेला तुकडा आपापला संसार थाटतो. 'एक होतं तिथे घोळका' हे लक्षण अर्धं इथून येतं.

बरोबर पद्धत माळीकाकांनीच पुढे बसवली. आधी सगळ्या फांद्या केस गोळा करतो तशा बाहेरून मधे गोळा करायच्या, रुजलेलं पेर आलं की तिथे खुरप्याचं टोक घालून सोडवायचं, आणि सगळ्यात शेवटी मधलं मूळ. त्याच्या बाजूने खुरपं तिरकं घालून माती सैल करायची आणि बुडाशी धरून सावकाश वर. खोड आणि मूळ जुळतं ती मान आली पाहिजे, तिथल्या डोळ्यांतून परत फुटवा येतो. मुळाचं अगदी खालचं शेपूट तुटलं तर मी जीव जाळत नाही.

आणि वेळ, माती कोरडीठाक असताना हात लावू नका आणि चिखल असतानाही नको. पाऊस होऊन गेला, दोन दिवस उघडीप मिळाली, वाफसा आला, त्या दिवशी एक तासात जेवढं निघतं तेवढं एप्रिलमध्ये अख्ख्या दिवसात निघत नाही. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या.

हातमोजे घाला. लव काहींच्या कातडीला टोचते.

४. गवत किती खाली कापता? (खर्च शून्य, पण माळ्याशी वाद होईल)

सगळ्यांना लॉन गालिच्यासारखं हवं असतं म्हणून मशीनचं ब्लेड पार खाली घेतात. त्याने एकदांडीचं काय जातं? तिची पानं जमिनीसरपट, ब्लेडच्या खाली. कापली जाते ती फक्त दांडी. आणि दांडी कापली की ती आठवडाभरात दुसरी काढते, माझं निरीक्षण असंय की नेहमी खाली कापलेल्या लॉनमध्ये ती दांडीच आखूड काढायला लागते आणि दोन-तीन इंचांवरच फुलते. नुकसान होतं गवताचं, ते विरळ होतं, मधली माती उघडी पडते, तिच्यावर ऊन पडतं.

आणि इथेच मुद्दा आहे, हिच्या बियाण्याला उगवायला उजेड लागतो. मातीच्या पृष्ठभागावर पडलेलं बी जोरात उगवतं, तेच तीन सेंटीमीटर खाली गाडलं गेलं तर सहसा वर येतच नाही. दाट गवताच्या बुडाशी अंधार असतो, तिथे बी पडून राहतं. म्हणजे तुमचं गवत हेच खरं तणनाशक आहे आणि तुम्ही दर शनिवारी तेच कापून टाकताय.

आमच्याकडे सिलेक्शन वन जातीचं लॉनचं गवत आहे, ते मी आता साधारण दीड इंचावर ठेवायला लावते आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू देत नाही. कमिटीत एका काकांनी 'हे लॉन आहे का कुरण' असं विचारलं होतं. एक पावसाळा थांबा म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांनीच बाकी लोकांना समजावलं. आणखी एक, फुलं-बोंडं असताना मशीन फिरवायचं असेल तर पुढे कापलेलं गोळा करणारा डबा लावूनच फिरवा, बिनडब्याचं मशीन म्हणजे पेरणी यंत्र.

५. जमीन तिथेच उघडी का पडतेय? (खर्च थोडा)

एकदांडी ठिगळांत येते म्हटलं ना, ती ठिगळं कागदावर काढा. नुसता चौकोन काढून खुणा करा. आमच्या नकाशात तीन ठिकाणं निघाली, बाकापुढे, पार्किंगकडून गेटला जायच्या शॉर्टकटवर, आणि दोन स्प्रिंकलरच्या मधल्या कोरड्या तुकड्यात. तिन्ही ठिकाणी गवत आधी मेलं होतं आणि मग ही आली, हिने गवत मारलं नव्हतं. हा क्रम लोक नेहमी उलटा धरतात.

एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि मातीत दाबा. बाजूच्या चांगल्या गवतात तो मुठीपर्यंत जातो आणि ठिगळात दोन इंचांवर अडतो, असं झालं तर माती पायांनी दाबली गेलीय. तिथे गवताची मुळं गुदमरतात, एकदांडीचं सोटमूळ मात्र वाट काढतं, ही रस्त्याच्या कडेच्या मुरमात वाढणारी जात आहे. उपाय म्हणजे काटा किंवा पहारीने वीतभर अंतरावर भोकं पाडा, वर बारीक कुजलेलं खत आणि वाळू झाडूने भरा, आणि शेजारच्या चांगल्या गवताच्या काड्या आणून टोचा. जून-जुलैत टोचल्या तर गणपतीपर्यंत जागा भरते.

शॉर्टकटवर मात्र गवत लावायचा हट्ट सोडून दिला. लोक तिथूनच जाणार. सरळ फरशा टाकल्या, विषय मिटला.

वाफ्यांत आणि कुंड्यांत तर आणखी सोपं, पाचोळा नाहीतर नारळाच्या शेंड्या दोन इंच पसरून ठेवा. उजेड बंद.

६. बी येतंय कुठून?

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी नवी रोपं, ती पण बारीक, दोन-चार पानांची, सगळीकडे विखुरलेली, तर ती जुन्या मुळाची नाहीत, बाहेरून येताहेत. संशयित तीन.

पहिला, विकतची माती आणि शेणखत. दरवर्षी पावसाळ्याआधी लॉनवर लाल माती आणि शेणखत पसरायची पद्धत आहे. ती माती कुठल्यातरी माळावरून आलेली, शेणखत अर्धं कच्चं. घ्यायच्या आधी एक घमेलंभर नमुना मागा, उथळ ट्रेमध्ये पसरा, उन्हात ठेवा, रोज पाणी मारा. पंधरा दिवसांत काय उगवतंय ते दिसेल. एका वर्षी आमच्या ट्रेमध्ये हरभऱ्याच्या शेतासारखी दाटी झाली होती, दोन पानी पिल्लं, दाते अजून धड फुटले नव्हते पण लव होती. ती गाडी परत पाठवली. वीस रुपयांचा ट्रे, बाकी काही नाही.

दुसरा, शेजारचा रिकामा प्लॉट. तिथे तुमचं काही चालत नाही, पण कंपाउंडला लागून चार-पाच फुटांचा पट्टा फुलायच्या आत कापून घेता आला तर बराच फरक पडतो. बोलून बघा, बहुतेक वेळा प्लॉटवाल्याला काही हरकत नसते, त्याला आठवतही नसतं की आपला प्लॉट आहे.

तिसरा, तुम्ही आणि तुमचा कुत्रा. केसाळ दाणे पायजम्याला, लोकरीला चिकटून येतात. यावर उपाय नाही, सोडून द्या.

७. पेव्हर ब्लॉक आणि गच्ची

पेव्हरच्या फटीत खुरपं जात नाही. तिथे उकळतं पाणी, लहान रोपांवर सरळ बुडाशी ओतायचं, आठवड्याने परत एकदा. जुन्या मोठ्या रोपाचं मूळ त्याने मरेलच असं नाही, ते जुन्या पेचकसाने उकरून काढावं लागतं, मग फटीत बारीक वाळू घट्ट भरा. मुलं आणि मांजरं घरात, पायात चप्पल नव्हे बूट, एवढं बघा.

मीठ टाकू नका. मीठ वाहून कडेच्या झाडांच्या मुळाशी जातं आणि तिथली माती वर्षानुवर्षं खराब होते. रॉकेल, जुनं इंजिन ऑइल हे प्रकार तर कृपा करून नकोच, ते पावसात वाहत शेवटी बोअरवेलकडे जाणार.

गच्चीवर, पॅरापेटच्या बुडाशी, छज्जाच्या सांध्यात एकदांडी उगवली असेल तर ती फक्त वरून कापा आणि इथे थांबा. ओढू नका. ती उगवलीय म्हणजे तिथे भेग आहे, भेगेत माती आहे आणि पाणी साठतंय, ओढून प्लास्टरचा पोपडा आला तर पाणी सरळ खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. स्लॅबला ओल किंवा उघडी सळई दिसत असेल तर थेट स्ट्रक्चरल इंजिनिअर.

८. माती भाजून काढणं

हे तेव्हाच, जेव्हा एखादा तुकडा पूर्ण हातचा गेलाय, गवत दहा टक्केही उरलेलं नाही. मार्च ते मे आपल्याकडे ऊन फुकट आहे. तुकडा खणून मुळं वेचून काढा, सपाट करा, भरपूर पाणी द्या, आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे तसंच. पारदर्शकच हवं, काळ्याने माती तेवढी तापत नाही. आणि ओल हवीच, कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही आणि कोरडं बी सहज मरतही नाही.

नंतर ती माती उलथू नका. वरचं बी मेलंय, खालचं जिवंत आहे, तुम्ही कुदळ मारली की ते परत उजेडात. आत्याकडे नेमकं हेच झालं, एवढं सहा आठवडे सांभाळलं आणि भाच्याने उत्साहाने अख्खी जागा खणून ठेवली. वरच्या वर गवत टोचा.

९. औषध, आणि इथे तुमचं काम संपलं

सात वर्षांत मी दोनदा इथपर्यंत पोचले आणि दोन्ही वेळा फवारणी स्वतः केली नाही.

दुकानात गेलात की 'टू फोर डी मारा' म्हणतात. ते रुंद पानांच्या तणावर चालतं आणि बरीचशी गवतं त्यातून वाचतात हे खरं, पण सगळी वाचत नाहीत, डब्यावरच्या लेबलवर तुमच्या गवताचं नाव आहे का ते बघावं लागतं. आणि त्याचे तुषार वाऱ्याने गेले तर टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांची पानं वेडीवाकडी होतात. नाशिक-सांगलीकडे बागेशेजारी फार्महाऊस असलेल्यांनी तर हा प्रयोग मनातही आणू नये, तुमच्या दहा बाय दहाच्या लॉनसाठी शेजाऱ्याची अख्खी बाग. दुसरं नाव ग्लायफोसेटचं सांगतात, ते गवतालाही मारतं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं अशी अधिसूचना काढलेली आहे. तरी कोणी सुट्या बाटलीत, बिनलेबलचं देत असेल तर घेऊ नका.

जागा मोठी आहे, वरचं सगळं एक पावसाळाभर नीट केलं, आणि तरी निम्म्यापेक्षा जास्त लॉन तिचंच आहे, असं असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, गावाकडे असाल तर आधी कृषी सहाय्यकाला जागा दाखवा. आजूबाजूला विहीर, मधमाशांच्या पेट्या, भाजीपाला काय आहे ते त्यांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि डॉक्टरकडे कधी? तण काढताना हाताला-चेहऱ्याला पुरळ आलं, डोळे सुजले, दम लागला, तर काम बंद, साबणाने धुवा आणि डॉक्टर. उपटलेल्यात गाजर गवत मिसळलेलं असण्याची शक्यता खूप. तसंच, खुरपं लागलं तर याच पानांचा रस जखमेवर लावायचा हा आजीचा उपाय मला माहीत आहे, गुडघे फोडून घेतलेल्या आमच्या अख्ख्या पिढीला दगडी पाला चोळलेला आहे. पण मातीतल्या खुरप्याने खोल कापलं असेल तर पाला नको, धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

किती दिवसांत फरक दिसेल? उगवल्यापासून साधारण दीड महिन्यात ही फुलावर येते, म्हणून पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी एक फेरी मारली की एकही पिढी बियांपर्यंत पोचत नाही. पहिल्या वर्षी चार-पाच फेऱ्या लागतात, दुसऱ्या वर्षी आम्हाला दोन पुरल्या. पूर्ण शून्य होईल ही अपेक्षा ठेवू नका. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून निघून ती जगभरच्या उष्ण प्रदेशात पोचलीय, अमेरिकेच्या सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातलंय, ती तुमच्या कंपाउंडला घाबरणार नाही.

आमच्याकडे मागच्या भिंतीलगत पाण्याच्या टाकीजवळ दहा-बारा फुटांचा एक पट्टा मी मुद्दाम ठेवलाय. तिथे सकाळी नऊ-दहाला बसलं तर फुलांवर छोटी निळी फुलपाखरं असतात, मधमाश्याही येतात, आणि सोसायटीतली दोन मुलं वही घेऊन मोजायला बसतात. पांढरी बोंडं दिसली की तीच मुलं खुडून गोणीत घालतात, बोंडामागे त्यांना मी काही देत नाही, पण लिमलेटची बरणी भरलेली ठेवते.

फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा, वरून नुसतं लॉन दिसणारा काही कामाचा नसतो. एक पानाचा जवळून, एक दांडीसकट फुलाचा, आणि एक उपटलेल्या रोपाचा मुळासकट, शेजारी पेन ठेवून.